पाणी आणि गुपित: कवितेत आणि चिंतनपर लेखनात ही प्रतिमा कशी बांधावी

नव्याने लिहिणाऱ्यांच्या कविता आणि ललित टिपणे मी अनेक वर्षे वाचत आले आहे, आणि त्यांत एक चूक इतक्या वेळा समोर येते की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटले. लिहिणाऱ्याला काहीतरी दडलेले सांगायचे असते. त्यासाठी तो पाण्याकडे वळतो, आणि मग पाणी कोणते, दडलेले काय, ते कोणी कोणापासून दडवले, यांतले काहीही न ठरवता ‘मनाचा अथांग सागर’ आणि ‘मौनाचा गूढ डोह’ कागदावर उतरतात. ओळी कानाला बऱ्या वाटतात, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा क्रमात असते. पाणी आधी येते, गुपित मागाहून शोधले जाते, आणि क्रियापदाकडे तर शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम वेगळा आहे: आधी गुपित, मग पाणी, मग निरीक्षण, मग क्रियापद, आणि त्यानंतर पहिली ओळ.

तयारी

एक वही, साधारण एक आठवडा आणि पाण्याचे असे एक ठिकाण लागेल, जिथे तुम्हाला किमान तीन वेळा जाता येईल. ठिकाण नयनरम्य असण्याची गरज नाही. गावातला आड, ओढ्यावरचा बंधारा, इमारतीखालची साठवणटाकी, पहाटे ठरावीक वेळेला येणारा नळ, यांपैकी काहीही चालेल. सुट्टीत एकदाच पाहिलेला समुद्र मात्र चालणार नाही, कारण एकदाच पाहिलेल्या पाण्याबद्दल आपण पाहिलेले कमी आणि वाचलेले जास्त लिहितो.

वहीचे डावे पान पाण्यासाठी आणि उजवे पान गुपितासाठी ठेवा. पहिले चार-पाच दिवस ही दोन पाने एकमेकांशी जोडायची नाहीत. हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण साम्य दिसले की ते लगेच लिहून टाकण्याचा मोह होतो. पण पहिल्या दिवशी दिसणारे साम्य जवळजवळ नेहमी आधी कुणीतरी लिहिलेले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. आधी आड भरू द्या.

टप्पा १: गुपित एका साध्या वाक्यात लिहा

उजव्या पानावर गुपित सरळ गद्यात, एकाही अलंकाराविना लिहा. ‘माणसाच्या मनात खूप काही दडलेले असते’ हे गुपित नाही; ते विधान आहे, आणि ते कोणत्याही माणसाबद्दल करता येते. ‘आत्याला लिहितावाचता येत होते, पण सासरी तिने तीस वर्षे ते कोणाला कळू दिले नाही’ हे गुपित आहे. या लेखात पुढे मी हेच कल्पित उदाहरण वापरणार आहे.

वाक्य लिहून झाले की त्याला चार प्रश्न विचारा. कोण लपवते आहे? कोणापासून? आणखी कोणाला ठाऊक आहे? आणि लपवण्यासाठी रोज काय करावे लागते? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि प्रतिमा बहुधा त्याच्याच उत्तरातून निघते. गुपित ही जपण्याची वस्तू कमी आणि रोज करायचे काम जास्त असते. आत्याला तीस वर्षे आलेल्या पत्रावरून नजर फिरवावी लागली असेल, दुकानाच्या पाटीकडे पाहून ‘हे काय लिहिले आहे’ असे विचारावे लागले असेल, मुलाचा अभ्यास घेताना चूक दिसूनही गप्प बसावे लागले असेल. ही यादी जितकी लांब होईल तितके पुढचे काम सोपे जाईल.

याच टप्प्यावर शब्दाचाही विचार करा, कारण मराठीत दडलेल्या गोष्टीसाठी एकच शब्द नाही. गुपिताला राखणारा माणूस लागतो. रहस्याला तो लागतोच असे नाही. ते कोणी न लपवताही रहस्य असू शकते. गूज दोघांत असते, ते सांगण्यासाठीच असते, आणि हळू आवाजात सांगितले जाते. भेद फुटला तर कोणाचे तरी नुकसान होते. मर्म एकदा कळले की बाकीचे सगळे उलगडते. तुमच्या वाक्यातले प्रकरण यांपैकी नेमके कोणते, हे समासात लिहून ठेवा. गूज सांगायला निघालेल्या कवितेत रहस्याचे गूढ, काळे पाणी आले की ती तिथेच कोसळते.

सावधान: गुपित दुसऱ्या जिवंत व्यक्तीचे असेल, तर ते उघड करण्याचा अधिकार कवितेमुळे तुम्हाला मिळत नाही. नाते, गाव, काळ आणि तपशील बदला. बदलूनही ती व्यक्ती ओळखू येत असेल, तर तिला विचारा, नाहीतर ते गुपित सोडून द्या.

तपासणी: वाक्यातून ‘खूप काही’, ‘अनेक’, ‘सारे’ असे शब्द काढल्यावर काही शिल्लक राहते का? राहत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पाणी एकच निवडा

आता डावे पान. इथे ‘पाणी’ या शब्दाने काम भागणार नाही, कारण प्रत्येक पाण्याची लपवण्याची रीत वेगळी असते आणि तुमच्या गुपिताशी जुळते ती ही रीत. पाण्याचे सौंदर्य इथे दुय्यम आहे.

आडाचे किंवा विहिरीचे पाणी खाली असते आणि ते कोणीतरी ओढून काढावे लागते. त्यात रोजची मेहनत आहे, दोर आहे, कठडा आहे, म्हणून घरातल्या माणसाने रोज सांभाळलेल्या गुपिताला ते जवळचे. बारवेत मात्र आपणच पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जातो. तिथे गुपित वर येत नाही, माणूस त्याच्याकडे उतरतो. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीच्या बांधकामातच महाल आहे, आणि विहिरीत पाण्याखेरीज राहण्याबसण्याची जागा असू शकते ही गोष्ट लिहिणाऱ्याला पुष्कळ काही सुचवणारी आहे.

जमिनीखालच्या पाण्याची तर वेगळीच गोष्ट. महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या कातळाचा आहे, आणि या कातळात पाणी सलग पसरलेले नसते. ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये साठते. त्यामुळेच एका बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची कोरडी राहते, आणि म्हणून पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्याच्या, शब्दाला गावात वजन असते. एकाच घरात दोन भाऊ, एकाला गोष्ट ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असे तुमचे गुपित असेल, तर शेजारशेजारच्या या दोन विहिरींइतके नेमके पाणी तुम्हाला शोधून सापडणार नाही.

काही पाणी आपल्या मर्जीने येते. राजापूरजवळ उन्हाळे गावात जी गंगा प्रकटते, ती साधारण तीन वर्षांनी येते असे मानले जाते, पण तिचे वेळापत्रक पक्के नाही. एके दिवशी कोरडी कुंडे भरतात आणि काही काळाने पाणी पुन्हा नाहीसे होते. मनातली एखादी गोष्ट माणूस अचानक, न विचारता बोलून जातो आणि नंतर वर्षानुवर्षे तो विषय काढत नाही, अशा प्रसंगाला हे पाणी लागू पडते. कुकडी नदीच्या पात्रात निघोज इथे रांजणखळगे आहेत: भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून तळाचा कातळ कोरत जातात. गुपित सांभाळणाराच आतून झिजतो हे सांगायचे असेल, तर ‘झिजणे’ हा शब्दही न वापरता हा खळगा ते सांगतो.

धरणाच्या पाण्यापाशी मात्र थांबून विचार करा, कारण इथे सर्वाधिक गफलत होते. धरणाखाली गेलेले गाव ही लिहिणाऱ्यांची आवडती प्रतिमा आहे आणि ती ‘दडलेले रहस्य’ म्हणून सर्रास वापरली जाते. पण बुडालेले गाव गुपित नसते. ते कुठे आहे, कधी बुडाले, कोणाची किती जमीन गेली, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि सरकारी दप्तरात नोंदलेलेही असते. गोव्यात सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की तिथले अवशेष उघडे पडतात, आणि जुने रहिवासी आपल्या सोमेश्वराच्या मंदिरापाशी जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावात जे गाव आहे ते हेच. उजनीच्या फुगवट्यात बुडालेले पळसदेवचे मंदिरही पाणी खाली गेलेल्या उन्हाळ्यात दिसू लागते. या पाण्यात आहे ती सर्वांना ठाऊक असलेली आणि तरीही वर्षातले बरेच महिने न बोलली जाणारी गोष्ट. तुमच्या घरात असे काही असेल, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेले पण जेवताना कोणी न काढणारे, तर धरण निवडा. एकट्या व्यक्तीने राखलेल्या गुपितासाठी ते निवडू नका.

खाडीबद्दल थोडक्यात: तिथे झाकणे आणि उघडे पडणे दोन्ही ठरलेल्या वेळी होते. एका भरतीनंतर दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. ज्या गुपिताला वेळापत्रक आहे, उदाहरणार्थ ठरावीक दिवशी येणारा फोन किंवा महिन्यातून एकदा केलेला प्रवास, ते इथे ठेवा.

सावधान: इंद्रायणी आणि चंद्रभागा ही पाणी रिकामी नाहीत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि त्या वर आल्या, ही कथा मराठी वाचकाच्या मनात इतकी पक्की आहे की इंद्रायणीचे नाव घेताच तुमच्या आत्याची गोष्ट मागे पडते. या नद्या निवडायच्या असतील तर ती कथा गृहीत धरून निवडा. केवळ नावाच्या गोडीसाठी नको.

तपासणी: निवडलेल्या पाण्यात जे असू शकत नाही ते तुमच्या टिपणात आले आहे का? विहिरीत लाट, डोहात भरती, टाकीत भोवरा असे काही दिसले, तर तुम्ही मनातल्या मनात दोन पाणी एकत्र केली आहेत.

टप्पा ३: पाण्याजवळ बसा आणि फक्त नोंदी करा

किमान तीन वेळा जा: सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला. उपमा लिहायची नाही. ‘सारखे’, ‘जणू’, ‘भासते’ हे शब्द या पानावर येऊ देऊ नका. काय दिसते, काय ऐकू येते, हाताला काय लागते, एवढेच.

काही गोष्टी मुद्दाम तपासण्यासारख्या आहेत. पाण्यावर वाकून सरळ खाली पाहिले तर तळ दिसतो. तेच पाणी दुरून, तिरप्या नजरेने पाहिले तर तळ नाहीसा होतो आणि आकाश, झाड किंवा स्वतःचा चेहरा दिसतो. म्हणजे पाणी पारदर्शक आहे की आरसा आहे, हे पाहणाऱ्याच्या जागेवर बरेचसे अवलंबून असते. गुपितांविषयी लिहिणाऱ्याला याहून उपयोगी निरीक्षण क्वचितच मिळेल, आणि तरीही हाती आलेल्या दहा कवितांपैकी नऊ कवितांत पाणी नुसतेच ‘गूढ’ असते. पाहणारा कुठे उभा आहे, हे कोणी लिहीतच नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे वरून सरळ पाहताना तळ खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर असल्यासारखा दिसतो. चार हात खोल पाणी तीन हात वाटते. पाणी आपला तळ उचलून दाखवते, आणि ज्याला तळ दिसतो त्यालाच खोलीचा अंदाज चुकतो. लपवण्याची ही रीत काळोखी नाही. इथे सगळे दिसते आणि तरी फसायला होते. उघडपणे वावरणाऱ्या, हसतमुख माणसाच्या गुपितासाठी ही नोंद जपून ठेवा.

तिसरी गोष्ट आवाजाची. कोरड्या किंवा खोल विहिरीत खडा टाकून त्याचा आवाज यायला किती वेळ लागतो ते मोजा. एका सेकंदात खडा साधारण पाच मीटर खाली जातो आणि दोन सेकंदांत जवळजवळ वीस मीटर. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते. ‘खडा टाकून पाहणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांच्या बाबतीत वापरतो, पण उत्तर यायला लागणारा तो वेळ किती बोलका असतो, हे एकदा कानाने अनुभवल्याशिवाय लिहिता येत नाही.

चौथी गोष्ट गाळाची. कळशीभर गढूळ पाणी घ्या, तुरटी फिरवा आणि बसून राहा. गाळ नाहीसा होत नाही, तो खाली जाऊन बसतो. वरचे पाणी नितळ दिसते आणि कळशी जरा हलवली की तो पुन्हा वर येतो. किती वेळ लागला ते लिहा.

सावधान: जुन्या आडांचे कठडे ढिले असतात आणि बारवेच्या पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. एकट्याने वाकू नका, अनोळखी डोहात उतरू नका. तळ दिसतो म्हणून पाणी उथळ आहे असे समजणे का चुकीचे, ते वर आलेच आहे.

तपासणी: पानावर किमान पंधरा नोंदी असाव्यात, आणि त्यांतल्या निदान तीन तरी तुम्हाला आधी माहीत नसलेल्या असाव्यात.

टप्पा ४: क्रियापद शोधा

सगळा लेख विसरलात तरी हा टप्पा विसरू नका. पाणी आणि गुपित यांचा संबंध मराठीत कवीला नव्याने जोडावा लागत नाही. बोलणाऱ्यांनी तो केव्हाच क्रियापदांत जोडून ठेवला आहे. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा संशय आणि ओल एकाच शब्दात असतात. बातमी झिरपते. बांध फुटतो, पाझर फुटतो आणि बिंगही फुटते. तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. ‘कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही’ यातला थांग म्हणजे पाण्याचा तळ, आणि ज्याचा थांग लागत नाही ते अथांग; म्हणजे ‘मनाचा अथांग सागर’ लिहिणाऱ्याने नुसते ‘तिने थांग लागू दिला नाही’ म्हटले असते, तरी पाणी आणि गुपित दोन्ही आले असते आणि सागराची गरज उरली नसती. ज्याच्याजवळ गोष्ट टिकत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीळ भिजायला लागतो तेवढाही वेळ तो थांबत नाही, आणि हा वेळ लाळेच्या ओलीने मोजलेला आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे सांगणारी म्हण तर उगमालाच झाकलेले ठेवते.

हे सर्व जसेच्या तसे कवितेत टाकायचे नाही. वाक्प्रचार जसाच्या तसा आला की तो ऐकूच येत नाही. करायचे ते असे: तुमच्या पाण्याला लागू पडणारी पाच क्रियापदे डाव्या पानावर लिहा, उदाहरणार्थ आडासाठी उपसणे, झिरपणे, आटणे, निथळणे, तळ गाठणे. मग उजव्या पानावरच्या माणसाच्या रोजच्या कामांतून पाच क्रियापदे काढा. या दोन याद्यांत जे क्रियापद दोन्हीकडे खरे ठरते, तोच तुमच्या प्रतिमेचा सांधा आहे. मुरणे आणि झिरपणे यांतला फरक सांभाळा: मुरणारे पाणी आत जाते आणि दिसेनासे होते, झिरपणारे पाणी दुसरीकडे बाहेर येते. गुपित राखले जात असेल तर मुरणे, फुटू लागले असेल तर झिरपणे. पाझरण्यात माया आहे, गळण्यात नाही. आटणे म्हणजे लपवायला काही उरलेच नाही, आणि ती वेगळीच कविता आहे.

या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक म्हणजे षष्ठीचे रूपक. गुपितांचा सागर, मौनाचा डोह, आठवणींचा पूर, वेदनेचा झरा: ‘चा-ची-चे’ लावून अमूर्त नाम आणि पाणी एकत्र बांधले की काम झाल्यासारखे वाटते, पण तिथे काहीही घडत नाही. मसुद्यातली अशी प्रत्येक जोडी खोडा आणि तिच्या जागी एक क्रियापद असलेले वाक्य लिहा. ‘मौनाचा डोह’ खोडून ‘तो विचारत राहिला आणि ती घागर बुडेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिली’ असे लिहिले, तर मौन न म्हणताही मौन येते.

तपासणी: ‘पाण्यात पाहणे’ आणि ‘देव पाण्यात घालून बसणे’ यांसारखे वाक्प्रचार नकळत आले आहेत का ते पाहा. पहिल्याचा अर्थ द्वेष आहे आणि दुसऱ्याचा उत्कंठेने वाट पाहणे. ‘ती त्याला पाण्यात पाहत होती’ असे प्रतिबिंबाविषयी लिहिणाऱ्याची ओळ वाचकाला भलत्याच अर्थाने कळते.

टप्पा ५: मसुदा लिहा

आता दोन्ही पाने शेजारी ठेवा. मसुद्याची सुरुवात गुपितापासून करू नका आणि पाण्याच्या वर्णनापासूनही करू नका. ती एखाद्या कृतीपासून करा. आत्याच्या उदाहरणाचा पहिला मसुदा असा होऊ शकतो:

आत्याचे मन आडासारखे खोल,
त्यात शब्दांचे पाणी साचलेले;
तीस वर्षे तिने कुणा न सांगितले
की अक्षरे तिला होती ठाऊक.

यात ‘आडासारखे’ ही उपमा आहे, ‘शब्दांचे पाणी’ हे षष्ठीचे रूपक आहे, आणि शेवटच्या दोन ओळी गुपित थेट सांगून टाकतात. वाचणाऱ्याला करायला काही शिल्लक नाही. शिवाय आड इथे नावापुरता आहे. त्याच्या जागी तळे ठेवले तरी काही बिघडत नाही. ही कसोटी लक्षात ठेवा: पाण्याचे नाव बदलून कविता तशीच राहत असेल, तर पाणी अजून कवितेत आलेलेच नाही.

दुसऱ्या मसुद्यासाठी नोंदींकडे परत गेले. आडाजवळ काय होते? कठडा, पोहरा, सांडलेले पाणी, शेवाळ. कठड्यावर बांधणाऱ्याने ओल्या सिमेंटात काहीतरी कोरून ठेवले होते, जसे पुष्कळ जागी असते. आणि उजव्या पानावर आत्याचे रोजचे काम होते: अक्षर दिसूनही न वाचणे. दोन्ही पानांवर खरे ठरणारे क्रियापद सापडले ते ‘निघणे, काढणे’: पाणी काढणे, शेवाळ काढणे, अक्षर काढणे. मराठीत अक्षरही ‘काढले’ जाते, हे लक्षात आल्यावर कविता बरीचशी झालीच होती.

परसातल्या आडाच्या कठड्यावर
कुणीतरी ओल्या सिमेंटात काही कोरले होते.
कुणी विचारले तर आत्या म्हणायची,
असेल काही.
पोहरा टेकवायची,
सांडलेल्या पाण्यात बोट भिजवायची
आणि शेवाळ काढायची:
आधी काना, मग मात्रा,
मग वेलांटी.

आत्याला वाचता येत होते असे इथे कुठेही म्हटलेले नाही. पण जिला अक्षरे कळत नाहीत, तिचे बोट काना-मात्रा-वेलांटी या क्रमाने फिरणार नाही. गुपित फुटलेले नाही, आणि तरी ते तिच्या बोटांतून बाहेर येत राहिले आहे. तीस वर्षांचा उल्लेखही गाळला, कारण शेवाळ पुन्हा पुन्हा वाढते आणि ‘काढायची’ या रीतिभूतकाळात सगळा काळ आपोआप येतो.

सावधान: या मसुद्यात मला आणखी दोन ओळी सुचल्या होत्या, ‘आडालाच ठाऊक होते / तिच्या ओठांमागचे सारे’. त्या गाळाव्या लागल्या. निर्जीव वस्तूला गुपित ठाऊक असणे हा हुकमी शेवट आहे, आणि तो जिथे जिथे येतो तिथे आधीच्या ओळींनी मिळवलेले वाया जाते.

टप्पा ६: दोघांना वाचून दाखवा

एकाला गुपित आधी सांगा, दुसऱ्याला सांगू नका. दोघांनाही कविता एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि कोणतीही प्रस्तावना करू नका. ज्याला ठाऊक नाही त्याने नेमके गुपित ओळखले पाहिजे असे नाही, पण काहीतरी राखले जात आहे आणि ते साधारण कशाविषयी आहे, हे त्याला जाणवले पाहिजे. त्याला फक्त ‘छान वातावरण आहे’ वाटले, तर तुम्ही जास्त झाकले आहे. त्याने पहिल्या वाचनातच सगळे सांगितले, तर जास्त उघडे पडले आहे. ज्याला आधीच ठाऊक होते, त्याला विचारा: कविता ऐकून आधी माहीत नसलेले काही कळले का? त्याचे उत्तर नाही असेल, तर तुम्ही गुपित कवितेत बांधले आहे खरे, पण त्याचा अर्थ अजून शोधलेला नाही. पहिल्या टप्प्यातल्या चौथ्या प्रश्नाकडे परत जा.

टप्पा ७: कविता नव्हे, चिंतनपर गद्य लिहायचे असेल तर

गद्यात गुपित सांगायला हरकत नाही, कारण चिंतनाला विचार उघडपणे मांडावाच लागतो. पण क्रम सांभाळा. आधी पाण्याजवळचा एक प्रसंग, मग त्या प्रसंगाने उभा केलेला प्रश्न, मग पाण्याविषयीची एक खरी, तपासलेली गोष्ट, आणि त्यानंतर गुपित. पाण्याविषयीची माहिती प्रश्नाच्या आधी आली तर लेख भूगोलाच्या धड्यासारखा वाटतो. गुपितानंतर आली तर ती सजावट होते. आडात खडा टाकून आवाज ऐकल्याची नोंद तुमच्याकडे असेल, तर ‘काही प्रश्नांची उत्तरे उशिरा येतात’ असे वाक्य लिहू नका. तुम्ही काय विचारले होते, उत्तर किती दिवसांनी आले आणि त्या दिवसांत तुम्ही काय गृहीत धरले होते, ते लिहा.

गद्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. मध्येच दुसरे पाणी आणू नका. आडाविषयी सुरू झालेले चिंतन तिसऱ्या परिच्छेदात समुद्राशी पोहोचते, पाचव्यात पावसाशी आणि शेवटी अश्रूंशी, असे मी फार वेळा पाहिले आहे. लेखकाला वाटते की आवाका वाढला. प्रत्यक्षात पहिल्या पाण्यातून जे काढता आले असते ते अर्धवट सोडून तो पुढे गेलेला असतो.

टप्पा ८: शेवटची ओळ तपासा

मसुदा दोन दिवस बाजूला ठेवा. मग शेवटची ओळ हाताने झाका आणि वरचे वाचा. कविता पूर्ण वाटत असेल तर ती ओळ काढून टाका आणि नव्या शेवटच्या ओळीसाठी हेच पुन्हा करा. ज्या ओळीवर हात ठेवल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटते, तिथे थांबा. आत्याच्या कवितेत ‘मग वेलांटी’ झाकली, तर बोट मधेच थांबते आणि अक्षर अर्धेच राहते. म्हणून ती ओळ राहिली.